प्रेक्षकांचे मत आणि आपले मौन

थायलंडमध्ये तयार होणाऱ्या आणि दोन पुरुषांमधील प्रेम हाच ज्यांचा विषय आहे अशा दूरचित्रवाणी मालिका परभणी जिल्ह्यातील तरुण मुले-मुली मोबाईलवर पाहतात, त्यांतील पात्रांवरून आपसांत कडाक्याचे वाद घालतात, हे सांगितले म्हणजे आपल्या चळवळीतील जुन्या साथींकडून तीन प्रकारची उत्तरे मिळतात. काहीजण नुसते हसतात. काहीजण 'ही परदेशी घाण आहे, आपल्या संस्कृतीत हे नव्हते' असे म्हणून मोकळे होतात. आणि काहीजण गंभीर चेहऱ्याने विचारतात, 'कापसाला भाव नाही, सोयाबीन मातीमोल विकावे लागते, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या पोरांची शाळा सुटते. अशा वेळी समाजवादी साप्ताहिकाने या चैनीच्या विषयावर शाई का खर्च करावी?' पहिल्या उत्तराची दखल घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा समाचार पुढे घेऊ. तिसरे उत्तर मात्र सर्वांत घातक आहे, कारण ते आपल्याच परिभाषेत बोलते आणि आपल्याच कार्यकर्त्याला गप्प बसवते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या तिसऱ्या उत्तराविरुद्ध आहे.

या मालिका कलेच्या दृष्टीने चांगल्या की वाईट, हा येथे मुख्य प्रश्न नाही. त्या पाहणारी माणसे काय म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची आपल्या पक्षाची तयारी का नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. दोन तरुणांच्या प्रेमाच्या, लेखिकांनी मुख्यतः मुलींसाठी रचलेल्या चित्रकथा जपानमध्ये १९७०च्या दशकात पुढे आल्या. तो प्रवाह कालांतराने थायलंडमध्ये पोचला. तेथे तशा कादंबऱ्या इंटरनेटवर लिहिल्या जाऊ लागल्या, आणि २०१४ साली अशाच एका कादंबरीवर आधारलेली 'लव्ह सिक' ही मालिका तिथल्या दूरचित्रवाणीवर आली. त्यानंतर २०१६ची 'सोटस', २०२०ची 'टुगेदर', २०२१-२२ची 'बॅड बडी' अशा मालिकांची रीघ लागली. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि २०२०च्या टाळेबंदीत रिकामा वेळ सक्तीने हाती आला. यांतील कित्येक मालिका यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्ससह पैसे न देता पाहता येतात. थाई भाषेचा एक शब्द न येणारी, इंग्रजी अडखळत वाचणारी मुले-मुली सेलू, जिंतूर, गंगाखेड येथे भाड्याच्या खोल्यांत, कानाला यंत्र लावून, त्या पाहतात. कोणत्याही अभ्यासमंडळाने त्यांना हे पाहा म्हणून सांगितलेले नाही.

अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला 'फुकट' या शब्दाचा संशय येणे स्वाभाविक आहे. या मालिका फुकट नाहीत. बँकॉकच्या जीएमएमटीव्हीसारख्या कंपन्या त्या तयार करतात. कथेच्या ऐन मध्यावर नायक थांबतो आणि अमुक कंपनीचे मलम तोंडाला लावतो, तमुक कंपनीचा खाऊ उघडतो. ही जाहिरात असते. मालिका संपली तरी धंदा संपत नाही. पडद्यावरची जोडी पडद्याबाहेरही जोडी म्हणून मिरवली जाते, तिकिटे लावून चाहत्यांचे मेळावे भरवले जातात, त्या जोडीची छायाचित्रे आणि वस्तू विकल्या जातात. त्या जोडीतल्या एखाद्या नटाची मैत्रीण असल्याचे कळले तर चाहत्यांचा संताप उसळतो. म्हणजे नटाचे खासगी जीवनही मालात जमा होते. थायलंडचे शासन या मालिकांकडे निर्यातीचा माल म्हणून पाहते आणि परदेशी खरेदीदार मिळवून देण्यास हातभार लावते. तेव्हा भांडवली बाजाराने येथे प्रेमाचे काय केले आहे, याविषयी कुणी भ्रमात राहू नये. प्रस्तुत लेखकही नाही.

परंतु बाजाराने एखादी गोष्ट विकायला काढली, एवढ्यावरून ती गोष्ट खोटी ठरत नाही. सावकार धान्यावर नफा कमावतो म्हणून भूक खोटी ठरते काय? माणसे बाजारात जातात तेव्हा त्यांच्याजवळ काहीतरी नसते म्हणून जातात. परभणीच्या तरुणाजवळ काय नाही, की ते शोधण्यासाठी त्याला बँकॉकपर्यंत जावे लागते, हे विचारण्याचे काम समाजवाद्यांचे आहे.

मी या प्रेक्षकांपैकी काहींशी बोललो. त्यांत मुली अधिक होत्या, आणि या मालिकांचा जन्मच मुळी मुलींच्या वाचनातून झालेला असल्यामुळे त्याचे मला आश्चर्य वाटले नाही. दोन पुरुषांच्या प्रेमात तुम्हांला काय एवढे गोड वाटते, या प्रश्नाला नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने जे उत्तर दिले ते आपल्या सर्व शिबिरांतून वाचून दाखवण्याजोगे आहे. ती म्हणाली, 'सर, त्या गोष्टीत कुणाला पाहायला पाहुणे येत नाहीत.' दुसरी म्हणाली, 'हात धरायच्या आधी तो त्याला विचारतो. आमच्या सिनेमात हिरो विचारतो कुठे? मागे लागतो.' तिसरीचे निरीक्षण असे, की तिथे कुणी कुणाला आडनाव विचारत नाही.

या तिन्ही वाक्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, परभणी जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. साऱ्या महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. ज्या जिल्ह्यात जवळजवळ निम्म्या मुलींना त्यांचे मत कायद्याने ग्राह्य होण्याआधीच उजवून टाकले जाते, त्या जिल्ह्यातील मुलीला ज्या प्रेमकथेत मुलगीच नाही ती प्रेमकथा सुरक्षित वाटते, यात नवल ते काय? तेथे हुंडा घेणारा पक्ष नाही आणि देणारा पक्षही नाही. तेथे कुणाची कूस कुणाच्या वंशासाठी गहाण पडलेली नाही. त्या कथेत तिला कुणी विकत नाही, कारण ती त्या कथेत नाहीच. स्वतःला वगळल्यावरच जिला प्रेमाची कल्पना निर्धास्तपणे करता येते, त्या मुलीच्या करमणुकीला आपण विकृती म्हणतो, आणि तिला वगळणाऱ्या व्यवस्थेला मात्र रीत म्हणतो!

आडनावाचे निरीक्षणही वरवरचे नाही. थायलंडमध्ये आडनाव लावण्याचा कायदाच मुळी १९१३ साली झाला. आजही लोक एकमेकांना लहानशा टोपणनावाने हाक मारतात, आणि मालिकांतील पात्रेही तशीच हाक मारतात. आपल्याकडे आडनाव म्हणजे जातीचा दाखला. मोंढ्यात, वसतिगृहात, भाड्याची खोली शोधताना, पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावाशिवाय प्रेम करणारी माणसे पाहून मराठवाड्यातील मुलीला जे वाटते त्यात जातिनिर्मूलनाची ओढ आहे. ती आपल्या व्याख्यानांतून तिच्यापर्यंत पोचली नाही, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांविषयी बरेच काही सांगते.

आता मुलांविषयी. ते कमी बोलतात, आणि जे बोलतात ते दार लावून बोलतात. अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या एका तरुणाने मला सांगितले, की एका मालिकेत मुलगा आईला आपले प्रेम सांगतो आणि आई काही न बोलता त्याला जेवायला वाढते. तेवढाच भाग त्याने पुन्हा पुन्हा पाहिला. घरी त्याच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. 'लग्न झाले की सुधारेल' हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. या उपायाने एका तरुणाचे आयुष्य तर नासतेच, पण ज्या मुलीच्या गळ्यात तो बांधला जातो तिचेही नासते, आणि तिला कारण कधीच कळत नाही. स्त्रीमुक्तीच्या मोर्चात पुढे चालणाऱ्या आपल्या साथींनी या दुसऱ्या बळीचा विचार केला आहे काय? समलिंगी माणसाचा प्रश्न आणि बालवधूचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. माणसाच्या देहावर आणि आयुष्यावर त्याच्या आधी कुटुंबाचा, जातीचा आणि मालमत्तेचा हक्क आहे, या एकाच सिद्धांताची ती दोन फळे आहेत.

येथे कुणी म्हणेल, की प्रेक्षक भोळे आहेत, बाजाराने त्यांना गुंगी दिली आहे. अनुभव याच्या उलट आहे. या मालिकांचे सर्वांत कडक टीकाकार त्यांचे प्रेक्षकच आहेत. 'सोटस'मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयातील वरिष्ठ विद्यार्थी नव्यांना रांगेत उभे करून दरडावतात, शिक्षा देतात, आणि त्याला परंपरा व शिस्त अशी भारदस्त नावे दिली जातात. आपल्या भाषेत हे रॅगिंग. त्या वरिष्ठाशीच नव्या विद्यार्थ्याचे प्रेम जुळते. मालिका या प्रथेला प्रश्न विचारते की तिला साखरेचा पाक चढवते, यावर प्रेक्षकांत आजही दोन तट आहेत. 'टुगेदर'मध्ये बायकी हावभावाच्या एका मुलाला हास्याचा विषय केले आहे, आणि देखण्या नायकांच्या प्रेमाला सन्मान देताना त्याच्या प्रेमाची मात्र थट्टा होते, हा आक्षेप प्रेक्षकांनीच घेतला. दोन पुरुषांतही एकाला 'नवरा' आणि दुसऱ्याला 'बायको' ठरवण्याची या मालिकांची जुनी खोड प्रेक्षकांना खटकते. 'बॅड बडी'तील दोन शेजारी तरुण बरोबरीने वागतात म्हणून ती त्यांना आवडते. नायक बहुधा मोटारीतून फिरणारा, श्रीमंत घरचा, गोरापान असतो. थायलंडच्या ईशान्येचा भातशेतीचा गरीब मुलूख, जेथून माणसे मराठवाड्यातून पुण्याला जावीत तशी बँकॉकला पोट भरायला जातात, तो पडद्यावर क्वचितच दिसतो, हेही प्रेक्षकांच्या ध्यानात येते. वर्ग, सत्ता, संमती आणि प्रतिष्ठा या चार प्रश्नांवर ही मुले-मुली जेवढी चर्चा या मालिकांच्या निमित्ताने करतात तेवढी आपल्या किती शाखांत होते?

आता संस्कृतीचा आक्षेप. 'हे परदेशी आहे' असे म्हणणाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासावी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम १८६० साली इंग्रजांनी लिहिले. परके काही असेल तर ते कलम. ते जपण्यासाठी स्वदेशीच्या अभिमान्यांनी स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे आटापिटा केला. थायलंड कोणत्याही युरोपीय सत्तेची वसाहत नव्हता, तेव्हा तिथली ही प्रेमे पाश्चात्त्यांनी लादली असेही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा विषय आपल्याकडे मालिकांच्या आधी कितीतरी वर्षे बोलला गेला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत एकट्याच्या बळावर ते चालवले. वाचकांनी भीत भीत विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु वाचकाला प्रश्न पडत असतील तर त्यांचे शास्त्रीय उत्तर मिळवण्याचा त्याला अधिकार आहे, ही भूमिका बाबासाहेबांनी घेतली ती घेतलीच. त्या काळी बाबासाहेबांपुढे अस्पृश्यांच्या प्रश्नाचा डोंगर उभा होता. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. 'आधी पोटाचा प्रश्न, मग हे' असे त्यांना सहज म्हणता आले असते. ते तसे म्हणाले नाहीत.

पुढे २००६ साली सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली; घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर जीव लावणाऱ्या बहीण-भावाची ती गोष्ट. आणि २०२५ साली रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि गावात शेतीभातीत राबणारा, लग्नासाठी मागे लागलेल्या घरच्यांना चुकवणारा त्याचा बालमित्र, यांची ती कथा. तेथे मोटारी नाहीत, मलमाची जाहिरात नाही; शेरडे आहेत, सुतकाचे नियम आहेत, आणि निवडुंगाची लाल बोंडे आहेत. ज्यांना थाई मालिका परक्या वाटतात त्यांनी हा चित्रपट पाहावा आणि मग यात परके काय ते दाखवावे. परंतु असा एखादा चित्रपट पाहायचा तर चित्रपटगृह हवे, तिकिटाचे पैसे हवेत आणि तिथे जाताना कुणी पाहिले तर काय, ही भीती नको. बँकॉकची मालिका मात्र खोलीत, पांघरुणाखाली येऊन पोचते. आपल्या भाषेतले सत्य दुर्मिळ आणि परक्या भाषेतले स्वप्न मुबलक, अशी ही वाटणी आहे. तिचा दोष प्रेक्षकांवर ढकलता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा: पोटाचा प्रश्न. पोटाचा प्रश्न एका बाजूला आणि प्रेमाचा प्रश्न दुसऱ्या बाजूला असतो, ही समजूतच मुळात अर्थशास्त्रीय अडाणीपणाची आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहा. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला देतो, आणि एक कोयता म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि उचलही अर्धीच. म्हणून पोरापोरींची लग्ने घाईने उरकली जातात. म्हणजे साखरेच्या धंद्याला जोडपे लागते आणि जातीची रीत त्याला ते पुरवते. जमीन वारसाने जाते, म्हणून लग्न लागते. म्हातारपणी पेन्शन नाही, म्हणून पोरगा लागतो आणि पोरासाठी सून लागते. आपल्या शेतमजुराच्या घरात लग्न हा उत्पादनाचा, कर्जाचा आणि विम्याचा व्यवहार आहे. या व्यवहाराच्या बाहेर ज्याचे मन जाते त्या मुलाला किंवा मुलीला घर का सोडावे लागते, याचे उत्तर धर्मग्रंथांपेक्षा खतावणीत आधी सापडेल. असे असता हा प्रश्न चैनीचा कसा? शहरातल्या सधन माणसाला स्वतंत्र सदनिका घेऊन आपले आयुष्य आपल्या मर्जीने काढता येते. पालमच्या भूमिहीन पोराला येत नाही. चैनीचे असेल तर ते सधनाचे स्वातंत्र्य आहे. गरिबाच्या बाबतीत हा सरळसरळ वर्गीय प्रश्न आहे.

आणि समाजवाद्यांना तर ही सबब मुळीच शोभत नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी ज्या सात क्रांत्या एकाच वेळी चालल्या पाहिजेत म्हणून सांगितल्या, त्यांत स्त्री-पुरुष समतेची क्रांती आहे, जातीविरुद्धची आहे, आर्थिक विषमतेविरुद्धची आहे, आणि माणसाच्या खासगी जीवनात होणाऱ्या अन्यायी हस्तक्षेपाविरुद्धचीही आहे. लोहियांनी त्यांची रांग लावून दिली नव्हती, की आधी ही संपवा, मग तिला हात घाला. त्या एकदम लढायच्या होत्या. आपण मात्र शिबिरांतून सप्तक्रांतीची नावे पाठ म्हणतो आणि या एका क्रांतीपाशी आवाज खाली आणतो.

दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणाचाही समाचार घेतला पाहिजे. काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, 'चळवळीची गरजच काय? मालिका पाहून पाहून समाज आपोआप उदार होईल. थायलंडमध्ये नाही का समलिंगी विवाहाचा कायदा झाला?' झाला; २३ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. परंतु तो मालिकांनी केला नाही. २०२० साली थायलंडच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी तरुणांचे प्रचंड मोर्चे निघाले. समलिंगी आणि तृतीयपंथी तरुण त्यांत आघाडीवर होते आणि समान विवाहाची मागणी त्यांनी लोकशाहीच्या मागण्यांसोबत मांडली. संसदेत हे विधेयक लावून धरणाऱ्यांत पुरोगामी 'मूव्ह फॉरवर्ड' पक्ष होता. १८ जून २०२४ रोजी सिनेटने १३० विरुद्ध ४ मतांनी विधेयक मंजूर केले. आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला, कारण राजाच्या अवमानाचा कायदा बदलण्याचे आश्वासन त्याने निवडणुकीत दिले होते. मालिकांच्या कंपन्यांवर असे गंडांतर आले नाही. 'नॉट मी' या २०२१-२२च्या मालिकेत बड्या उद्योगपतीविरुद्ध उठणारे विद्यार्थी आणि समान विवाहाच्या निदर्शनात फडकणारा इंद्रधनुषी ध्वज दाखवला आहे, हे खरे. पण तो ध्वज आधी रस्त्यावर उभारला गेला, मग पडद्यावर आला. हा क्रम ज्याला कळला त्याला राजकारण कळले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ३७७ व्या कलमातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा आहे असे सांगितले. म्हणजे चेंडू राजकीय पक्षांच्या अंगणात आला. आपण समाजवादी त्या अंगणात आहोत की नाही? २०२४ साली केंद्र शासनाने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे असे राज्यांना कळवले, आणि त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आडकाठी नाही असे स्पष्ट केले. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? शिधापत्रिकेसाठी तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणे हे तर आपले हातखंडा काम. समलिंगी आकर्षण 'बरे करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टराचे ते वर्तन व्यवसायाला न शोभणारे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली जाहीर केले. तरीही घाबरलेले आईबाप मुलाला कधी मांत्रिकाकडे, कधी अशा डॉक्टराकडे घेऊन जातात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या आपल्या साथींनी याकडे आपलेच काम म्हणून पाहायला नको काय?

परभणीकरांना तर याविषयी विशेष बोलण्याचा अधिकार आहे आणि जबाबदारीही. १० डिसेंबर २०२४ रोजी आपल्या शहरात रेल्वे स्थानकाजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा हे शहर रस्त्यावर उतरले. काचेच्या पेटीतल्या संविधानासाठी ज्या शहराने एवढी किंमत मोजली, त्या शहराला त्याच संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ आपल्या घरातल्या पोरांच्या बाबतीत परका वाटू नये. आणि ज्यांना संविधानापेक्षा परंपरेचा आधार जवळचा वाटतो त्यांनी गंगाखेडची जनाबाई आठवावी. शूद्र घरात जन्मलेली, दुसऱ्याच्या घरी दासी म्हणून राबलेली ही बाई. लोकपरंपरेने तिच्यासाठी लग्नाचा नवरा शोधला नाही, साक्षात विठ्ठलाला तिच्याबरोबर जात्याच्या खुंट्याला हात लावायला बसवले. घर, जात आणि वंश यांच्या हिशेबात न बसणाऱ्या प्रेमाला या मातीने एकेकाळी देवळात जागा दिली आहे.

तेव्हा करायचे काय, ते स्पष्ट सांगतो. जिल्ह्याच्या पुढील अभ्यासशिबिरात लैंगिकता आणि विवाहसंस्था यांवर एक पूर्ण सत्र ठेवावे, आणि त्यात वक्ते कमी व तरुण श्रोतेच अधिक बोलतील अशी व्यवस्था करावी. जोडीदार म्हणून एकत्र राहू इच्छिणाऱ्या दोन प्रौढ व्यक्तींना, त्यांचे लिंग कोणतेही असो, वारसा, निवृत्तिवेतन, विमा आणि रुग्णालयातील संमती यांबाबत कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव पक्षाच्या जिल्हा कार्यकारिणीने करून वर पाठवावा. बालविवाह रोखण्यासाठी आपले कार्यकर्ते जसे गावात जातात तसेच, मर्जीविरुद्ध लग्न लावले जात असलेल्या तरुणाने किंवा तरुणीने हाक दिली तर, कारण न विचारता त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आणि आपल्या बैठकांतून या विषयावरचे हसणे बंद व्हावे. हे शेवटचे काम सर्वांत सोपे दिसते. ते सर्वांत अवघड आहे, आणि त्याला निधी लागत नाही.

ज्या तरुणांना आज आपले मनोगत बोलायला बँकॉकच्या कंपनीच्या पडद्याचा आडोसा घ्यावा लागतो, ते आपलेच आहेत. कापूस पिकवणाऱ्यांची, ऊस तोडणाऱ्यांची, शाळामास्तरांची मुले आहेत. बाजाराने त्यांचे दुःख ओळखले आणि त्याची किंमत लावली. आपण अजून त्यांचे दुःख ओळखलेही नाही. साथींनो, ज्यांचे म्हणणे पक्ष ऐकून घेत नाही त्यांना पक्षाच्या सभेत तरुणांची संख्या का रोडावली, असे विचारण्याचा अधिकार पक्षाला राहत नाही.